तीन चाव्यांचा पासवर्ड

मला राग येतो, आणि लवकर येतो. आई म्हणते, तुझ्या नाकावर राग नुसता बसत नाही, चूल मांडून राहतो. असू दे. पण त्या शिमग्यात मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

मी मिरजोळ्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर बसते. आत आलेला माल, बाहेर गेलेला माल डेटाबेसमध्ये टाकायचा, आणि काही अडलं की साहेबांच्या आधी आपणच निस्तरायचं. संध्याकाळच्या एसटीने गावी परत. घरी आई आणि मी, दोघीच. बाबा गेले, भाऊ मला नाही, लग्न केलं नाही. या तीन गोष्टी गाव एकत्र उच्चारतं, एकाच आजाराची लक्षणं सांगावीत तशी.

आमच्या गावदेवाची पालखी शिमग्यात घरोघर येते. कुठल्या दिवशी कुठलं घर, यावरून दरवर्षी राडा. चाकरमानी मुंबईहून रजा घेऊन येतात, आणि प्रत्येकाला पालखी आपल्याच रजेत हवी. पूर्वी सगळं तोंडी चालायचं. मग एका हुशार चाकरमान्याने एक्सेलची फाइल करून आणली. ती देवळाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर उघडी पडलेली. त्या वर्षी होळीच्या आदल्या दिवशी कोणीतरी गुपचूप आपलं घर वर घेतलं आणि दुसऱ्याचं खाली ढकललं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास! सहाणेच्या चौथऱ्यावर पालखी बसलेली आणि तिच्यासमोर दोन भावकींची डोकी फुटायची वेळ. तेव्हा देवळाच्या कमिटीला माझी आठवण झाली. ज्यात कोणाला परस्पर हात घालता येणार नाही असं काहीतरी कर, म्हणाले. मी म्हटलं, याच कॉम्प्युटरवर डेटाबेस बसवते, पासवर्ड घालते. इंटरनेटवर काही ठेवायचा प्रश्नच नव्हता. गावात रेंज हवी तर काजूच्या बागेत जाऊन हात वर करून उभं राहावं लागतं.

मी हे फुकट केलं, पण अट घातली. आमचं घर त्यात येईल, आणि आईच्या नावावर येईल.

अट का, ते सांगते. बाबा गेल्यावर पहिला शिमगा सुतकात गेला, त्याबद्दल तक्रार नाही. पुढच्या शिमग्याला आईनं अंगण सारवलं, रांगोळी घातली, आरतीचं ताट आणि नारळ घेऊन बेड्यात, अंगणाच्या दाराशी, उभी राहिली. पालखी शेजारच्या घरातून निघाली, ढोल वाजत आमच्या दगडी गडग्यापर्यंत आली. खांदेकरी थबकले. आणि थोरल्या मानकऱ्यांनी पुढच्या घराकडे हात केला. घरात बाप्या माणूस नाही, म्हणे, पालखी घ्यायची कोणी? घर बंद धरा. पालखी पुढे गेली. आई ताट घेऊन तशीच उभी होती. निरांजन विझलं तरी ती आत येईना. मी तिच्या हातातून ताट काढून घेतलं.

आणि हे थोरले मानकरी म्हणजे परके कोणी नव्हेत, माझे सख्खे चुलतकाका. बाबांपेक्षा वयाने धाकटे. मान त्यांच्या घराचा म्हणून थोरले. बाबांच्या हातचं खाऊन वाढलेला माणूस!

आता कमिटी म्हणजे तीन माणसं: काका, धाकटे मानकरी आणि गुरव. धाकटे एसटीच्या खेड डेपोतून रिटायर झालेले, सगळी हयात कॉम्प्युटरवर तिकिटांचा हिशेब केलेला माणूस. गुरव पूजेचे. देवाचे चांदीचे मुखवटे ज्या पेटीत असतात तिला तीन कुलपं, आणि या तिघांकडे एकेक चावी. तिघं आल्याशिवाय पेटी उघडत नाही. आजोबा-पणजोबांपासूनची रीत आहे, आणि एकमेकांवर काडीचा विश्वास नसलेल्या गावाला शोभणारी आहे.

मी पासवर्ड म्हटल्याबरोबर काका म्हणाले, "पेटीसारखाच करायचा. तिघांचा मिळून एक. ज्याची त्याची अक्षरं ज्याला त्याला ठाऊक."

"अहो काका, असं नसतं," मी म्हटलं. "काही अडलं तर मला उघडता आला पाहिजे."

"तुला कशाला? तुझा काय मान आहे?"

घ्या! बसवणार मी, चालवणार मी, बिघडला तर शिव्या खाणार मी, आणि मान यांचा. पण मला पालखी हवी होती. मी कामाला लागले.

कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं. नारळ वाढवला. काकांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, आज या यंत्रात तुझं काम चालू करतो, काय चुकलंमाकलं तर पोटात घे, कोण वाकड्या वाटेनं येईल त्याची वाट बंद कर." उरलेले दोघे म्हणाले, "होय महाराजा." मग पासवर्डची चौकट आली. तिथे काहीही टाइप केलं तरी काळे ठिपकेच दिसतात, पण तेसुद्धा बघायचे नाहीत असं ठरलं. एकानं टाइप करायचं आणि बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. मीसुद्धा. मी कालनिर्णय वाचत उभी.

पहिले काका. "झालं," म्हणाले. मग धाकटे, मग गुरव. माझं तोंड भिंतीकडेच. मी सांगितलं, "आता खालच्या चौकटीत पुन्हा तेच, त्याच क्रमानं."

"आता आधी मी," धाकटे म्हणाले. "पहिल्यांदा थोरल्यांचा मान झाला. दोनदा त्यांचाच का म्हणून?"

मी ओरडले, "अहो, क्रम बदलला तर जुळणार नाही!" पण ऐकतो कोण? मानाचा विषय निघाला की आमच्या गावात कानांना दडे बसतात. धाकट्यांनी आधी टाइप केलं, मग काकांनी, मग गुरवांनी. मी वळले आणि कपाळावर हात मारून घेत पुढचं बटण दाबलं. आता लाल अक्षरांत नकार येणार, याची खात्रीच होती.

नाही आला. जुळला! पुढची खिडकी उघडली.

"बघितलंस?" काका म्हणाले. "देवानं चालवून घेतलं."

मलाही तेव्हा बरं वाटलं. काम पुढे सरकलं ना, मग कशाला खोलात शिरा? तिथेच अक्कल गहाण पडली माझी. मी सगळी घरं भरत बसले, इंग्रजी अक्षरांत, कारण त्या जुन्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरांचे नुसते चौकोन दिसत होते. आमचं घर आलं तेव्हा मी मोठ्याने म्हटलं, "घराची प्रमुख म्हणून आईचं नाव घालते." धाकटे म्हणाले, घाल. गुरव म्हणाले, घाल. काका जेवणानंतर खुर्चीत पेंगत होते, त्यांनी नुसती मान हलवली. कमिटीने पेनड्राइव्हवर कॉपी काढू दिली नाही, गावची माहिती बाहेर जाते म्हणे. संध्याकाळी कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी तो उघडेना.

ॲक्सेस डिनाइड. तिघं आले, आपापली अक्षरं टाकली, ॲक्सेस डिनाइड. क्रम बदलून टाकली, तरी तेच. मी कॅप्स लॉक बघितलं, कीबोर्ड मराठीवर तर गेला नाही ना ते बघितलं. डेटाबेसची सर्व्हिस चालू आहे का, युजरचं नाव बरोबर आहे का, सगळं तपासलं. नकाराच्या वाक्यात शेवटी लोकलहोस्ट म्हणून शब्द येतो. म्हणजे हाच कॉम्प्युटर, आपलंच घर. आपल्याच घराच्या दारात आपल्याला उभं केलेलं. ते वाचून मला आईचं ताट आठवलं आणि डोक्यात तिडीक गेली.

त्या दिवशी खोलीबाहेरच्या ओट्यावर गर्दीही होती. मुंबईची आणखी एक गाडी आलेली, चाकरमानी चहा पीत बसलेले. भिंतीकडे तोंड करायची सक्ती त्यांनाही होती, पण तोंडं चालू होती. "बाईमाणसाच्या हातात दिलं की असंच." "आमच्या ऑफिसात असं झालं तर कामावरून काढतील." एकाने मला विचारलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केलास का? मी त्याच्याकडे असं बघितलं की तो कप घेऊन अंगणात गेला.

मी तिघांना समजावलं. विसरलेला पासवर्ड बदलता येतो. सर्व्हिस थांबवायची, पासवर्ड न विचारता पुन्हा चालू करायची, नवा पासवर्ड घालायचा, झालं. कारखान्यात मी केलंय. चहा निवायच्या आत होतं.

"म्हणजे आमच्या तिघांच्या शिवाय तू एकटी उघडणार?" काका म्हणाले.

"हो."

"म्हणजे कडी तोडणार पेटीची."

"पेटी नाही काका, डेटाबेस आहे!"

"एकच. हात लावायचा नाही. नाय उघडत तर नाय. पूर्वी चालायचं तसं तोंडी करू."

तोंडी म्हणजे काकांच्या तोंडी. आणि काकांच्या तोंडी आमचं घर बंद. उघडं होतं ते फक्त कॉम्प्युटरच्या त्या पेटाऱ्यात, आणि पेटारा मिटलेला. मला कळायचं ते कळलं. मुद्दाम करतोय हा माणूस! आपली अक्षरं मुद्दाम चुकीची टाकतोय, म्हणजे आई पुन्हा ताट घेऊन बेड्यात. मी तशीच चप्पल घालून घरी निघाले. पाखाडीच्या पायऱ्या उतरताना जे तोंडाला आलं ते बोलत होते. वाटेत एक कुत्रा आडवा आला, त्यालाही दोन ऐकवली.

आई अंगण सारवत होती. तिला कोणी सांगितलं होतं की यंदा पालखी येणार? मीच. शेणाने भरलेले हात, मान वर करून म्हणाली, "उघडला काय गो?"

मी भांडी घासायला घेतली. राग आला की मी भांडी घासते, घासलेलीसुद्धा. घासता घासता डोकं चालायला लागलं. ज्या गोष्टीवर मी पहिल्या दिवशी खूश झाले होते तीच आता टोचायला लागली. क्रम बदलला होता. एकदा काका आधी, एकदा धाकटे आधी. मग जुळला कसा? देवानं चालवून घेतलं? देव घेईल, डेटाबेस घेत नाही. त्याला दयामाया नसते, म्हणून तर बसवायचा. दोघांची अक्षरं सारखीच असती तर आजही उघडला असता; मग क्रम उलटूनही दोन्ही वेळा तेच उमटायचं असेल तर एकच गोष्ट होऊ शकते. त्या दोघांतल्या एकाने काहीच टाइप केलेलं नाही. दोन्ही वेळा.

धाकट्यांची बोटं मी ऐकली होती, लाह्या फुटाव्यात तशी तडतडत होती. काकांच्या वेळी काय ऐकलं होतं? आठवून आठवून बघितलं. त्यांचा श्वास. खुर्ची करकरली. आणि मग, "झालं."

कीबोर्डवर नुसती इंग्रजी अक्षरं. काका रोज पेपर वाचतात, श्रावणात पोथी वाचतात, पण मराठी. कुठलं बटण दाबलं की काय उमटतं ते विचारायला हवं होतं, आणि विचारायचं कोणाला, तर मला. म्हणून देवासमोर नारळ फोडून, सगळ्यांना भिंतीकडे उभं करून, हा माणूस रिकाम्या हाताने उठला होता. आणि आज ओट्यावर माणसं कान देऊन बसली म्हणून आवाज तरी यावा असं वाटून वाटेल ती बटणं दाबली. दर वेळी वेगळी! मग कसा उघडणार?

मी हे आईला सांगितलं, म्हणजे जवळजवळ किंचाळले. तिला जराही नवल वाटलं नाही. "तो कशाला विचारतोय कोणाला! माझ्या लग्नापासून बघते. पंगतीत पानात मीठ वाढायचं राहिलं तर अळणी जेवून उठायचा, पण मागायचा नाय."

मला वाटलं होतं कपट आहे. कपट असतं तर बरं होतं. कपटाला निदान डोकं लागतं. या फुकटच्या ताठ्यापायी माझी आई दारात उभी राहणार होती! "उद्या सगळ्यांसमोर सांगते," मी म्हटलं. "सगळ्या चाकरमान्यांसमोर. नाक कापते बघ त्याचं."

"आणि मग?" आई म्हणाली. "नाक कापलेला माणूस पालखी घेऊन येईल आपल्याकडे? मला देव घरी हवाय. त्याची फजिती घेऊन मी काय करू, लोणचं घालू?"

मला तिचाही राग आला. खरं बोललं की जास्तच येतो.

सकाळी पुन्हा सगळे जमले. ओटा भरलेला. मी कॉम्प्युटर चालू केला, सगळ्यांना भिंतीकडे वळवलं आणि काकांच्या खुर्चीजवळ उभी राहिले. म्हटलं, "काका, पहिल्या दिवशी केलंत ना, अगदी तस्संच करा. तेवढंच. एक अक्षर जास्त नको, एक कमी नको."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळे हटवले नाहीत. वळून भिंतीकडे गेले नाही. त्यांना कळलं. मानेची शीर ताठ झाली, कान लाल झाले. त्यांनी दोन्ही हात कीबोर्डवर नेले, कुठेही न टेकवता धरून ठेवले, आणि म्हणाले, "झालं."

धाकटे बसले, तडतड. गुरव बसले, एका बोटाने टकटक. मी एंटर दाबलं. उघडला.

ओट्यावर टाळ्या. आणि काका उठून, उपरणं झटकून सगळ्यांना काय म्हणाले असतील? "आमची अक्षरं कधी चुकत नाहीत. हिलाच काहीतरी जमत नव्हतं."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही! माझ्या जिभेवर आलं होतं सगळं, अगदी दातांपर्यंत. मी कीबोर्डची कड धरून ठेवली. एकेक घर आणि त्याचा दिवस वाचायला लागले, नावं तेवढी पडद्यावरच. आमच्या शेजारच्या घरापर्यंत आले, पुढचं आमचं. काका म्हणाले, "त्या घराचं जरा..."

"काका," मी म्हटलं, "तुमच्या चावीने उघडलेल्या पेटीत आहे ते. वाचू ना पुढे?"

धाकटे वळून बघायला लागले. काका म्हणाले, "वाच."

ठरल्या दिवशी, टळटळीत उन्हात, ढोल आमच्या पाखाडीवर आला. आई बेड्यात उभी, ताट हातात. या वेळी खांदेकरी थबकले नाहीत. पालखी गडग्याच्या आत आली, अंगणात नाचली, आईनं नारळ ठेवला, निरांजन ओवाळलं. मी खांबाला धरून उभी होते आणि मला अजून रागच येत होता, इतक्या साध्या गोष्टीसाठी इतकं सगळं करावं लागतं याचा.

मग गाऱ्हाणं. प्रत्येक घरात थोरल्या मानकऱ्यांनी घरधन्याचं नाव घेऊन ते घालायचं असतं. काकांनी हात जोडले, "बा देवा महाराजा, आज तुझी पालखी या घराच्या अंगणात आली," आणि सवयीने बाबांचं नाव घेतलं.

"थांबा भावोजी," आई म्हणाली. ढोलवाल्याचा हात वरच राहिला. "ते गेले. नाव माझं घ्या. कॉम्प्युटरात हाय."

काका थांबले. धाकट्यांकडे बघितलं, गुरवांकडे बघितलं. त्यांनाही कुठे ठाऊक होतं? लग्न होऊन आल्यापासून ती कोणाची वहिनी, कोणाची काकी, कोणाची सून, माझी आई. बाबासुद्धा तिला अगं म्हणायचे. सगळी वाडी अंगणात उभी, खांद्यावर पालखी, आणि काका हात जोडून गप्प. त्यांचा श्वास मला खांबापाशी ऐकू येत होता. मी सांगू शकले असते. नाही सांगितलं. अळणी जेवायचं तर जेवा.

आई ताट धरून शांत उभी होती. तिला कसली घाई नव्हती. खांदेकऱ्यांनी खांदा बदलला. ऊन डोक्यावर चढत होतं.

शेवटी काकांनी मान खाली घातली. "वहिनी," ते म्हणाले, सगळ्यांसमोर, "तुमचं नाव काय?"

आईनं सांगितलं. खणखणीत, शेवटच्या खांदेकऱ्यापर्यंत पोचेल असं. काकांनी ते गाऱ्हाण्यात घेतलं, आणि सगळी वाडी म्हणाली, "होय महाराजा."